पहिली बादली मागच्याची

मिरजेच्या फलाटावर मी उभी होते तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या आणि काखेत भाषण. काखेत अशासाठी, की ट्रंकेत ठेवलं असतं तर त्याला घडी पडली असती. आज माझ्या तोंडात स्वतःचे म्हणावेत असे दात उरले नाहीत, पण त्या चौतीस वर्षांच्या बयेची आठवण झाली की त्या उघड्या हिरड्यांनीच हसू येतं. कडक इस्त्रीची खादीची साडी, नाकावरून घसरणारा चष्मा आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळं नागपूर आपल्यावाचून खोळंबलंय.

सत्तर साल ओलांडून काही वर्षं झाली होती. मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मिळेल त्या व्यासपीठावर चढत होते. पुण्याच्या एका शिक्षक शिबिरात नागपूरचे दौलत मास्तर भेटले. शहराच्या टोकाला, उमरेड रस्त्याकडे विणकरांची एक वस्ती आहे, तिथले ते राहणारे. त्यांचे वडील गोमाजी मास्तर दिवसा हातमागावर विणायचे आणि रात्री वस्तीतल्या लोकांना अक्षरं शिकवायचे. स्वातंत्र्याच्या आधी या माणसानं, कुणावर हात न उगारता, वस्तीची विहीर अस्पृश्य मानलेल्या आपल्या लोकांसाठी खुली केली होती. "फेब्रुवारीत बाबांची पुण्यतिथी असते, तुम्ही बोलायला..." दौलत मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

घरी महिनाभर तालीम चालली. आमचे हे पहिल्या पानालाच घोरायला लागायचे. निघायच्या दिवशी मात्र म्हणाले, "त्या माणसानं कुणाला बोटही न लावता विहीर उघडली, आणि तू त्याच्या माणसांना दीड तास मारणार होय गं?"

मी त्यांच्याशी स्टेशनपर्यंत बोलले नाही.

भुसावळच्या पुढे जमीन काळी होत जाते. वेचणी उरकलेल्या कपाशीची झाडं, त्यांच्या टोकाला चुकून राहिलेली पांढरी बोंडं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. आमच्याकडची माती तांबूस, डोंगर सारखे आडवे येणारे. इथे नजर निघाली की थांबायलाच तयार नाही. बडनेऱ्याला एक म्हातारी संत्र्यांची पाटी घेऊन चढली आणि माझ्या ट्रंकेवरच बसली.

"कुठं चालली, बाई?"

"नागपूरला. भाषण द्यायला."

"पैसे देतात काय त्याचे?"

"छे, छे!"

"मंग काहून (कशाला) जाता एवढ्या दूर?"

मी तिला अहिंसा समजावून सांगितली. वर्ध्यापर्यंत सांगितली. तिनं एक संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, अर्धं आपण खाल्लं आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. संत्रं इतकं गोड होतं की मलाही पुढचे मुद्दे आठवेनात.

नागपूर स्टेशनाबाहेर सायकलरिक्षांची रांग होती. मी कागदावरचा पत्ता वाचायला लागले तर रिक्षावाला म्हणाला, "गोमाजी मास्तरच्या विहिरीपाशी ना जी? मंग तसं सांगा ना."

"विहिरीपाशी नाही, त्यांच्या घरी जायचंय."

"बैठो बाई, बैठो. विहीर आली का घर आलंच."

वस्ती जवळ आली तशी मागांची खटाखट कानावर यायला लागली. मध्ये एक मोठं कडुलिंबाचं झाड, त्याखाली दगडी काठाची विहीर. विहिरीच्या एका अंगाला वरची गल्ली. तिथे रेशीमकाठी लुगडी विणत. बांबूंवर जांभळं, पिवळं, शेंदरी सूत वाळत होतं. दुसऱ्या अंगाला खालची गल्ली, मास्तरांची. तिथे जाडंभरडं कापड निघे, म्हणून बांबूंवर सगळं पांढरं सूत.

दौलत मास्तर शाळेत गेले होते. दारात त्यांची आई उभी होती. सखुबाई. सत्तरीची असावी, उंच, काटकुळी, कपाळावर गोंदण. तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"आली वं बाई? मले वाटलं लय मोठी बाई येऊन राहिली. तू तं पोरगीच दिसतं."

माझ्या इस्त्रीचा तिथेच निम्मा जोर गेला. उरलेला जेवणात गेला. सुनेनं, बेबीनं, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा वाढला होता. वर सांबार (त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) भुरभुरलेला. रस्सा लालभडक. बेबी म्हणाली, "तिखट हाये हो, बाई." मी हसले. "आम्ही सांगलीकडचे. तुम्ही आम्हाला तिखटाचं काय सांगता?" तिसऱ्या घासाला माझ्या चष्म्यावर वाफ आली, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. सखुबाई काळजीनं म्हणाली, "मास्तरची आठवण येऊन राहिली काय वं हिले?" बेबीनं पदरात तोंड लपवलं आणि गुळाचा खडा पुढे केला.

हसता हसता ती खाली बसली ती कमरेला हात लावूनच. आठवा महिना होता. पाण्याच्या तांब्याकडे मी हात नेला तेव्हा सखुबाई म्हणाली, "सबन (सगळं) पिऊन घे, अजून आणता येते," आणि बेबी पुटपुटली, "कोण आणते?"

त्या दोन शब्दांवरून जे सुरू झालं ते हातावरचं पाणी वाळेपर्यंत चाललं.

गोष्ट अशी होती. वस्तीला नळ मंजूर झाले होते. एक वरच्या गल्लीत, एक खालच्या गल्लीत. परवा सकाळी ओव्हरसियर खुणा करायला येणार होता. खुणा झाल्या नाहीत तर नळ दुसऱ्या वस्तीला जाणार. सगळे खूश होते, एक सखुबाई सोडून. तिला एकच नळ हवा होता आणि तोही विहिरीपाशी.

"नळ वेगळे झाले का माणसं वेगळी झाली," ती म्हणाली. "हे आपल्या आपल्या दारात, ते आपल्या आपल्या दारात. मंग मास्तर कायले बसला होता उन्हात?"

"आत्याबाई," सून सासूला तिकडे असंच म्हणते, "मागच्या खेपेले पाणी ओढता ओढताच माह्यं पोटातलं गेलं. विहिरीवरच."

"मी भरतो ना तुह्यं पाणी."

"तुमची कंबर मोडली तं मंग मी तुमचं बी भरू?"

(बायकाही तिकडे 'मी भरतो, मी जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी मी ते सुधारायला गेले होते. देवानं वाचवलं, घशात रस्सा होता.)

दोघींच्याही बोलण्यात खोट नव्हती, म्हणून ऐकणाऱ्याची पंचाईत. संध्याकाळी दौलत मास्तर आले, त्यांना मी हळूच विचारलं, "तुमचं मत काय?" ते म्हणाले, "मी दोघींच्या हातचं जेवतो, बाई."

विषय बदलावा म्हणून मी सखुबाईंना म्हटलं, "मास्तरांचं स्मारक कुठे आहे? हार घालायचा होता." ट्रंकेत मी चंदनाचा हार आणला होता. पुतळा नसला तर निदान समाधी असेल, असा माझा हिशेब.

ती म्हणाली, "उद्या सकाळी गुंड घेऊन विहिरीवर येजो." गुंड म्हणजे पितळेची मोठी घागर. हे बेबीनं सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुण्यतिथीची सकाळ. लिंबाखाली रांग लागलेली. दोन्ही गल्ल्यांतल्या बाया, चार-दोन बाप्ये. थंडी होती, पण बोलण्याला ऊब होती. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या मागाचा धोटा चोरीला गेला, सगळं त्या रांगेत कळत होतं. माझ्या पुढे वरच्या गल्लीतल्या सरसाबाई होत्या. साठीच्या, गोल, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. त्यांची पाळी आली. त्यांनी बादली सोडली, सरसर ओढली आणि आपली घागर बाजूला ठेवून ती बादली माझ्या गुंडात ओतली.

आता माझी सवय अशी, की पाण्याचं भांडं कितीही लख्ख असो, पहिलं पाणी विसळून टाकायचं. आईची शिकवण. हात आपोआप चालतात. मी गुंड उचललं, गोल गोल खळबळलं आणि ते पाणी दणक्यात चरीत ओतून दिलं.

रांग गप्प झाली. लिंबावरचा कावळासुद्धा गप्प झाला असं मला वाटलं.

"अवं बाई," सरसाबाई म्हणाल्या, "हे काय केलं वं?"

"विसळलं," मी म्हणाले. भाषणकर्त्या बाईंना एवढा एकच शब्द सुचला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सखुबाईंचा आवाज आला, "पाहुणी हाये, तिले माहीत नाई. पण रीत ते रीत. सांडलं त्यानं ओढावं. आज सारी रांग हिची!"

आणि सगळ्या विहिरीवर हशा उसळला. माझ्या हातात दोर आला. मी ओढायला लागले. मास्तरांच्या विहिरीला पाणी खोल आहे, हे भाषणात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी बादली ओढायची, ती मागच्याच्या घागरीत जायची, तो पुढे सरकायचा, पुन्हा बादली. एक म्हातारा मला म्हणाला, "कमरेतून ओढ पोरी, खांद्यातून नको." एकीनं माझा पदर खोचून दिला. इस्त्री तोवर पार विरघळली होती.

सखुबाई लिंबाच्या पारावर बसून सांगत होती आणि मी ओढता ओढता ऐकत होते. पूर्वी ही विहीर वरच्या गल्लीची. खालच्या गल्लीनं लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, यांनी खाली घागर धरायची. घागर भरायची कमी आणि अंग भिजायचं जास्त. एका उन्हाळ्यात गोमाजी मास्तरनं आपल्या लोकांना सांगितलं, वरून ओतलेलं पाणी आजपासून बंद. पाणी नाल्याच्या झिऱ्यातून आणायचं, लांब पडलं तरी. पण रोज सकाळी आधी इथे यायचं, रिकामी घागर समोर ठेवायची आणि बसायचं. शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही, उठायचंही नाही.

"कोणी शेणपाणी फेकलं," सखुबाई म्हणाली, "तं मास्तर तोंड पुसे अन् राम राम म्हणे. मले इतका राग ये! म्हटलं, एक तं दगड मारू दे. तो म्हणे, दगड मारला तं ते पळतील. मले ते पळाले नाई पायजे, आले पायजे."

"अन् मंग माही सासू आली," सरसाबाई मध्येच म्हणाल्या. ही त्यांच्या वाट्याची गोष्ट होती, ती दुसऱ्याला सांगू देणार नव्हत्या. "मोठी खाष्ट बाई, बरं का! आम्हाले वाटलं, आता ही काय करते बापा. तिनं बादली ओढली अन् मास्तरच्या घागरीत ओताले वाकली. तं मास्तर म्हणे, 'माय, पाणी नको. दोर द्या.'"

"मग?"

"मंग काय? बुढीनं पायलं त्याच्याकडं. लय वेळ पायलं. अन् देला दोर."

गोमाजी मास्तरनं आयुष्यात पहिल्यांदा त्या विहिरीतून बादली ओढली. सगळ्यांना वाटलं, आता हा आपली घागर भरणार. त्यानं ती बादली त्या म्हातारीच्या घागरीत ओतली. तेव्हापासूनची रीत: पहिली बादली मागच्याची. विहिरीवर आलेल्या कुणाच्याही घागरीत पहिलं पाणी स्वतःच्या हातचं पडत नाही, दुसऱ्याच्या हातचं पडतं. दुसऱ्या कुणाच्या, ते रांग ठरवते.

आणि मी नेमकं ते पाणी चरीत ओतलं होतं.

सरसाबाईंनी मला रागावायला हवं होतं. त्यांनी रांग संपल्यावर माझे तळहात उघडून पाहिले, "फोड आले वं माय" म्हणाल्या आणि कुणाला तरी हळद-तेल आणायला पिटाळलं. चंदनाचा हार कुठे घालायचा, ते मी विचारलं नाही. रहाटाच्या खांबाला अडकवला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला तो लागायला लागला तेव्हा सखुबाईनं काढून ठेवला.

संध्याकाळी लिंबाखाली सतरंज्या पडल्या. माझे दोन्ही हात हळदीनं माखलेले, चिंध्या बांधलेले. दौलत मास्तरांनी ओळख करून दिली. मी उभी राहिले. पहिल्या पानावर पहिलं वाक्य होतं: 'आज आपण अहिंसेचा खरा अर्थ समजून घेऊ या.' समोर सरसाबाई मांडी घालून बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी सखुबाई. मी ते वाक्य मनात वाचलं आणि मला अशी काही लाज वाटली, की कान गरम झाले.

"मास्तरांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार?" मी म्हणाले. "मी आज पाणी ओढलं. उद्याही ओढते." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. माझ्या उभ्या हयातीत मला इतक्या टाळ्या मिळाल्या नाहीत. दौलत मास्तर कानात म्हणाले, "मागच्या वर्षीचे पाहुणे लय बोलले होते."

मग नळाचा विषय निघाला. दोन नळ, दोन गल्ल्या, कुणाची हरकत? कुणाचीच नाही. सखुबाई उठली. "माही हाये," म्हणाली. "उद्या मी बसतो."

आरडाओरडा नाही, काही नाही. पण 'बसतो' म्हणजे काय ते त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दारात उभी राहून ऐकणारी बेबी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शब्द दिल्याप्रमाणे विहिरीवर गेले तर सखुबाई रांगेच्या तोंडाशी, काठाच्या पायरीवर बसलेली. पुढ्यात रिकामं गुंड. तिला ओलांडून दोराला हात घालायची कुणाची छाती नव्हती. रांग वाढत चालली. मागांची खटाखट थांबलेली, कारण सुताच्या खळीला पाणीच नव्हतं.

तेवढ्यात खालच्या गल्लीतून बेबी आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गुंड. सावकाश आली, सासूच्या समोर गुंड ठेवलं आणि रांगेतल्या दोघींच्या आधारानं खाली बसली.

"तू काहून बसली वं?" सखुबाई म्हणाली.

"तुम्ही काहून बसल्या?"

"मी एका नळासाठी."

"मी माह्या दारच्या नळासाठी."

"हे मास्तरचं हत्यार हाये, बेबी. खेळ नाई."

"मास्तर माह्ये बी सासरे होते."

रांगेत खसखस पिकली. दौलत मास्तर शाळेचा डबा घेऊन निघाले होते, ते मध्ये येऊन उभे राहिले. "मी कोणाच्या बाजूनं बसू?" त्यांनी विचारलं. "तू शाळेत जाय गा!" दोघी एकदम म्हणाल्या.

ऊन पारावर आलं. बेबीच्या ओठांवर पापुद्रा धरला. सखुबाईनं ते पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. मी चिंध्या बांधलेले हात मांडीत घेऊन बसले होते आणि मला कळेना, की कोण जिंकावं अशी मी इच्छा करत्ये. ती पोर उठली तर पाणी ओढून तिचं काय होईल याची धास्ती. म्हातारी उठली तर मास्तरांनी उन्हात बसून मिळवलेलं हातातून जाईल याची.

"सांग मले," सखुबाई शेवटी म्हणाली, "नळ वेगळे झाल्यावर ही सरसा तुले भेटीन काय रोज?"

बेबीनं ओठांवरून पदर फिरवला. मग म्हणाली, "आत्याबाई, विहिरीवर लय गोडी हाये, ते खरं. पण मी लगीन होऊन आली तेव्हापासून सरसामावशीनं आपल्या घरचा उंबरठा पायला काय? अन् मी त्याहिचा पायला काय? विहिरीच्या इकडं ते येत नाई, विहिरीच्या तिकडं आपण जात नाई. इथंच भेटतो, इथूनच परततो."

सरसाबाई बांगड्या चाचपत खाली बघत राहिल्या.

सायकलची घंटी वाजली. ओव्हरसियर आले होते. कॅरियरला चुन्याची पिशवी, टोपीखाली घाम. त्यांनी रांग पाहिली, दोन बसलेल्या बाया पाहिल्या आणि सायकल लिंबाला टेकवली. "काय भानगड आहे?"

बेबीनंच विचारलं, "साहेब, दोन्ही नळाले संगंच पाणी येईन काय?"

"संगं कसं येईल? टाकी लांब आहे, जोर पुरत नाही. सकाळी वरच्या गल्लीला सोडू, संध्याकाळी खालच्या."

"अन् आम्हाले सकाळी पायजे असलं तं?"

"मग सकाळच्या नळावर जा. सरकारी नळ आहे, कुणाच्या बापाचा नाही."

विणकराला पाणी दोन वेळा लागतं. सकाळी खळीला, संध्याकाळी सूत धुवायला. बेबी सासूकडे वळली. "ऐकलं? सकाळी आम्ही वरच्या गल्लीत जाऊ. संध्याकाळी ते आपल्या गल्लीत येतीन. चालणं होते माह्याच्यानं, आत्याबाई. ओढणं होत नाई."

सखुबाईनं पुढ्यातलं रिकामं गुंड बाजूला सारलं. मग तिनं मान वळवली ती सरसाबाईंकडे.

"येशील काय वं खाली? गुंड घेऊन?"

सरसाबाईंनी वरच्या गल्लीकडे पाहिलं, मग खालच्या.

"माह्ये पाय दुखतात," त्या म्हणाल्या.

बेबीनं डोळे मिटून घेतले.

"बसाले देशील, चहा पाजशील," सरसाबाई म्हणाल्या, "तं येतो."

तो हशा मला अजून ऐकू येतो. ओव्हरसियरसुद्धा हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. सखुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं दोर घेतला, बादली ओढली. पहिली बादली मागच्याची. ती तिनं सुनेच्या गुंडात ओतली. "मास्तरनं इथवर आणलं," ती म्हणाली, "पुढं तुम्ही जा." नंतर ओव्हरसियर चुन्यानं खुणा करत फिरले आणि खालच्या गल्लीतली खूण नेमकी सखुबाईच्या अंगणाशी पडली, तेव्हा तीच ओरडली, "जरा सरकवा ना जी, माह्यी तुळस हाये तिथं!"

माझी गाडी संध्याकाळची होती. दुपारी मी ट्रंक भरत होते तर दारात सरसाबाई. नळाचा अजून पाइपही आला नव्हता.

"आत्ताच?" बेबी चकित झाली.

"नळ येईन तेव्हा येईन," त्या म्हणाल्या. "वाट तं पाठ करून ठेवतो."

पहिल्यांदा त्या उंबऱ्यावरच टेकल्या. चहा झाला तेव्हा आत आल्या, सतरंजीवर बसल्या. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायल्या. सखुबाई भिंतीला टेकून नुसती बघत होती. तिच्या हातातला चहा गार झाला. मी त्या चहात वाटेकरी होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं. माझा त्यात काडीचा हात नव्हता. मी फक्त पाणी सांडलं आणि रस्सा खाऊन रडले. तरी त्या माणसांनी मला रांगेत घेतलं, माझे फोड पुसले, निघताना संत्राबर्फीचा पुडा दिला आणि सखुबाई म्हणाली, "पुन्हा येजो वं. भाषण नको आणू." इतकं गोड बोलणं मला फार थोड्यांनी ऐकवलं आहे.

पुढे दौलत मास्तरांचं पत्र आलं: मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप, नळ सुरू झाला, आई संध्याकाळी चहाचं आधण मोठं ठेवते.

पण ही बया नागपूरहून परतली ती धडा घेऊन परतली, असं समजू नका. ती परतली स्वतःला गोमाजी मास्तर समजून.

आमच्या सांगलीच्या गल्लीतही एक सार्वजनिक नळ होता. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन गेले. नळापासून चार हात लांब, गटाराच्या कडेला, गल्ली झाडणारी शांता डबा घेऊन उभी होती. सगळ्यांचं भरून होईपर्यंत ती तिथेच उभी राही. सगळ्यात शेवटी कुणीतरी तिच्या डब्यात ओते, मग ती जाई. माझी पाळी आली. मी आपली बादली बाजूला सारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शांता, आण तो डबा. आज आधी तुझं भरून देते." आणि आता हिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून तयारीत उभी राहिले.

शांतानं माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माझं मी भरते की, बाई," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं जरा सरका."

मी सरकले. त्या सरकण्याबद्दल मी आजवर ज्यांचे आभार मानत आले, त्यांत 'पाणी नको, दोर द्या' म्हणणारा एक असा माणूस आहे, ज्याला मी कधी पाहिलंही नाही.